फायटरच्या अंगावरची सोनेरी भुकटी : वाचकांचे प्रश्न

थंडी पडू लागली की फायटर माशांच्या आजारांबद्दलची पत्रे वाढतात. या वेळच्या पत्रांत व्हेल्व्हेट या एकाच रोगाची लक्षणे पुन्हा पुन्हा आली आहेत, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे. खालची सगळी मापे १० लिटर पाण्यासाठी आहेत. तुमच्या टाकीत पाणी किती, हे अंदाजाने ठरवू नका. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि १००० ने भागा. ३० सेंमी लांब, २० सेंमी रुंद टाकीत १७ सेंमी पाणी असेल तर ते साधारण १० लिटर होते. तळाच्या खडीने अडवलेली जागा त्यातून वजा करायची. परदेशी औषधांच्या बाटलीवर माप गॅलनमध्ये असते. अमेरिकी गॅलन ३.८ लिटरचा असतो, पाच लिटरचा नव्हे.

प्रश्न : माझ्या निळ्या फायटरने दोन दिवसांपासून पर मिटून घेतले आहेत. खात नाही, मधूनच दगडाला अंग घासून पळतो. टॉर्च मारली तर पाठीवर गंजासारखी बारीक भुकटी दिसते. दुकानदाराने व्हाइट स्पॉटचे औषध दिले आहे. ते चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वर्णनावरून हा व्हेल्व्हेट दिसतो. खात्री करण्यासाठी खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्च समोरून न धरता वरून किंवा बाजूने, तिरकी धरा. डोके, कल्ल्यांमागचा भाग आणि पाठ यांवर पिवळसर-तपकिरी भुकटी चमकली तर शंका उरत नाही. व्हाइट स्पॉटचे दाणे मिठाच्या कणाएवढे, पांढरे आणि एकेक मोजता येण्याजोगे असतात. व्हेल्व्हेटचे कण इतके बारीक असतात की ते वेगळे दिसतच नाहीत. निळ्या आणि तांबूस चकाकीच्या फायटरमध्ये एक घोटाळा होऊ शकतो. अंगची चकाकी खवल्यांच्या ओळी धरून असते आणि मासा वळला की तिचा रंग बदलतो. रोगाची भुकटी ओळी पाळत नाही, ती परांच्या पारदर्शक भागावरही दिसते.

हा रोग पिसिनूडिनियम नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. तो त्वचेत आणि कल्ल्यांत मुळासारखे तंतू रोवून पेशींवर जगतो. कल्ल्यांवर तो बहुधा आधी बसतो, म्हणून अंगावर काही दिसण्यापूर्वीच मासा भरभर श्वास घेऊ लागतो. फायटरच्या डोक्यात लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्याच्या जोरावर तो पृष्ठभागावरची हवा घेतो आणि कल्ले खराब झाले तरी काही काळ तग धरतो. त्यामुळे मालकाला आजार उशिरा कळतो. तुमच्या माशाने खाणे सोडले आहे, तेव्हा उपचार आजच सुरू करा.

व्हाइट स्पॉटच्या पुष्कळ औषधांत मॅलॅकाइट ग्रीन आणि फॉर्मलिन असते. व्हेल्व्हेटवर त्याचा थोडाफार उपयोग होतो, पण भरवसा ठेवावा असे पर्याय दोनच, अ‍ॅक्रिफ्लेविन आणि तांबे. घरी पहिल्यांदाच उपचार करणाऱ्याने अ‍ॅक्रिफ्लेविन घ्यावे. तांब्याला मोजमापाचा किट लागतो आणि चूक झाली तर मासा हातचा जातो. अ‍ॅक्रिफ्लेविनचे पिवळे-नारिंगी औषध निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते, म्हणून त्याची मात्रा लेबलावरचीच घ्या. लेबल नसलेली, कागदात बांधून दिलेली पूड घेऊ नका.

फायटर एकटाच असेल तर त्याला वेगळ्या टबात हलवा. खडी, लाकूड आणि फिल्टरमधला कोळसा औषध शोषून घेतात. कोळसा असेल तर तुम्ही औषध टाकत राहता आणि तो ते काढून घेत राहतो, उपचार वाया जातो. टब प्लॅस्टिकचा, पूर्वी साबण न लागलेला असावा. त्यात क्लोरीन काढलेले आणि टाकीएवढ्याच तापमानाचे १० लिटर पाणी, २५ किंवा ५० वॅटचा हीटर, थर्मामीटर आणि अगदी मंद बुडबुडे सोडणारा एअर स्टोन एवढे पुरे. मासा जाळीने पकडू नका, वाटीने पाण्यासकट उचला. जाळीने अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो आणि परजीवीला वाट मोकळी होते. टबावर झाकण ठेवा, पण पाणी आणि झाकण यांच्यात चार-पाच सेंटीमीटर हवा राहू द्या. फायटर हवा घेतो, ती हवा पाण्याइतकीच उबदार असायला हवी.

तापमान दर तीन-चार तासांनी १ अंश असे वाढवत २८-२९ अंशांवर आणा. उष्णतेने हा परजीवी मरत नाही, फक्त त्याचे जीवनचक्र वेगाने फिरते आणि औषधाच्या तावडीत लवकर येते. टब गडद कापडाने झाका. परजीवीत हरितद्रव्य असते, उजेडावर तो थोडे अन्न तयार करतो, अंधारात तो कमजोर होतो. पण त्याचे मुख्य जेवण मासाच आहे, तेव्हा नुसत्या अंधारावर विसंबू नका.

त्याबरोबर मीठ. १० लिटरला एकूण २० ग्रॅम जाडे मीठ, कसलीही पूड न मिसळलेले. पहिल्या दिवशी सकाळी ७ ग्रॅम, संध्याकाळी ७, दुसऱ्या दिवशी सकाळी ६. दर वेळी टबातल्याच मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून हळूहळू ओता. खडा थेट टाकला आणि मासा त्यावर टेकला तर त्वचा भाजते. चमचा वापरू नका, जाड्या मिठाचा चमचा दर वेळी वेगळा भरतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या.

औषध पहिल्या दिवशी संध्याकाळी सुरू करा. टबात फिल्टर नाही, त्यामुळे अमोनिया साठतो. रोज तळाची घाण नळीने ओढत २.५ लिटर पाणी बदला. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नव्या २.५ लिटरमध्ये ५ ग्रॅम मीठ आणि फक्त त्या २.५ लिटरपुरतेच औषध घालायचे. कुणी पाणी बदलल्यावर काहीच घालत नाही, मग चार दिवसांत औषधाचा जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. कुणी रोज पूर्ण मात्रा घालतो, मग मासा औषधानेच मरतो.

खाणे दुसऱ्या दिवसापासून, दोन-तीन दाणे. पाच मिनिटांत खाल्ले नाहीत तर काढून टाका. उपचार १४ दिवस. त्यानंतर चार दिवस साध्या पाण्याने पाणी बदलून मीठ हळूहळू उतरवा, मग मासा हलवा. तोपर्यंत मूळ टाकी २८ अंशांवर, माशाविना चालू ठेवा. मासा न मिळाल्याने तिथले परजीवी मरतात. त्या टाकीत दुसरे मासे असतील तर मात्र तेही बाधित आहेत असे धरून सर्वांवर उपचार करायला हवेत.

प्रश्न : चौथ्या दिवशी अंग स्वच्छ झाले म्हणून औषध थांबवले. दहा दिवसांत रोग परत आला आणि आधीपेक्षा जोरात. औषध बनावट होते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : औषध ठीक असावे. चार दिवसांत ते थांबवणे हेच कारण आहे.

या परजीवीच्या तीन अवस्था असतात. पहिलीत तो माशाच्या अंगाला चिकटून खातो, भुकटी दिसते ती हीच. पोट भरले की तो गळून तळाशी जातो आणि कवचात बसून विभागू लागतो. एका कणापासून दोनशेच्या वर पिल्ले तयार होऊ शकतात. तिसऱ्या अवस्थेत ती पिल्ले कवच फोडून पोहत नवा मासा शोधतात. मासा सापडला नाही तर ती एक-दोन दिवसांत मरतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या पिल्लांनाच. अंगावर रुतलेल्या किंवा कवचातल्या परजीवीपर्यंत ते पोचत नाही.

म्हणजे चौथ्या दिवशी भुकटी नाहीशी झाली तेव्हा रोग बरा झाला नव्हता, परजीवी पोटभर खाऊन तळाशी उतरले होते. नेमक्या त्याच वेळी तुम्ही औषध बंद केले, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत कवचे फुटली तेव्हा पाण्यात त्यांना अडवणारे काही नव्हते. म्हणून औषधाचे दिवस माशाकडे बघून ठरवायचे नसतात. पूर्ण चक्राला तापमानानुसार १० ते १४ दिवस लागतात, पाणी थंड असेल तर जास्त. तेवढे सगळे दिवस पाण्यात औषध हवेच. मधे एक दिवस जरी खाडा झाला तरी त्या दिवशी बाहेर पडलेली पिल्ले सुटतात. गावाला जायचे असेल तर घरच्या कुणाला तरी मोजून ठेवलेल्या पुड्या देऊन जा.

आता पुन्हा पहिल्यापासून १४ दिवस करा. हीटर नसेल तर आधी तो घ्या. पुण्यात थंडीच्या रात्री लहान टाकीतले पाणी २० अंशांच्या खाली सहज जाते. त्या पाण्यात परजीवीचे चक्र लांबते आणि माशाची प्रतिकारशक्तीही मंदावते.

प्रश्न : मोरचुदाने व्हेल्व्हेट जातो असे ऐकले. बागेच्या फवारणीसाठी घरात आहेच. किती घालू? टाकीत गोगलगाई आहेत, पाणी विहिरीचे आहे. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : तुमच्या बाबतीत घालू नका.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि ते व्हेल्व्हेटवर उत्तम चालते हे खरे. पण बोर्डो मिश्रणासाठी विकले जाणारे मोरचूद शेतीच्या प्रतीचे असते, त्यात इतर धातूंची भेसळ असू शकते. गोगलगाई आणि झिंगे तांब्याने हमखास मरतात, आणि मेलेल्या गोगलगाईंच्या अमोनियाने मागोमाग मासा जातो. तिसरे कारण तुमच्या विहिरीचे. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीतले पाणी बहुधा मृदू आणि कमी क्षारतेचे (अल्कलिनिटीचे, खारटपणाचे नव्हे) असते. अशा पाण्यात तांबे माशाला कितीतरी जास्त विषारी ठरते. एकूण क्षारता लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर तांब्याच्या वाटेला जाऊच नये. देशावरच्या बोअरवेलच्या कठीण पाण्यात उलटी अडचण येते. तिथे तांबे खाली बसते आणि सकाळी घातलेली मात्रा दुसऱ्या दिवशी निम्मीही उरत नाही.

कठीण पाण्याच्या वाचकांसाठी रीत अशी. प्रयोगशाळेच्या प्रतीचे निळे कॉपर सल्फेट १ ग्रॅम घेऊन १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या दर मिलिलिटरमध्ये पाव मिलिग्रॅम तांबे येते. हवे असते लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. १० लिटर पाण्याला ६ मिलि द्रावणाने ०.१५ पर्यंत पोचता येते. सुईविना सिरिंजने पहिल्या दिवशी ३ मिलि आणि दुसऱ्या दिवशी ३ मिलि घाला. मग रोज तांब्याच्या टेस्ट किटने मोजा आणि जेवढे कमी झाले तेवढेच भरून काढा. किट नसेल तर हा उपचार करू नये, यात तडजोड नाही. उपचार सुरू असताना शंख-शिंपले आणि संगमरवराचे तुकडे बाहेर काढा, ते तांबे ओढून घेतात. नव्या पाण्यातला क्लोरीन साध्या अँटिक्लोरीनने काढा. जड धातू निष्प्रभ करतो असे ज्या कंडिशनरच्या बाटलीवर लिहिलेले असते तो वापरलात तर तांबेही बांधले जाईल.

मासा एकाएकी सैरावैरा धावू लागला किंवा तळाशी आडवा पडून धापा टाकू लागला तर निम्मे पाणी लगेच बदला आणि फिल्टरमध्ये नवा कोळसा घाला.

तुम्ही फायटर टबात काढून पहिल्या उत्तरातला अ‍ॅक्रिफ्लेविन आणि मिठाचा उपचार करा. गोगलगाई टाकीतच राहू द्या.

प्रश्न : पोटाखाली, पुढच्या परांच्या मागे एकच पांढरा ठिपका आहे. आठवडा झाला, वाढत नाही, कमी होत नाही. व्हाइट स्पॉट असेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. तुमची फायटर मादी आहे आणि तो ठिपका अंडी बाहेर पडण्याच्या नळीचा आहे. औषध घालू नका. व्हाइट स्पॉटचे दाणे काही दिवसांत गळतात आणि नव्या जागी, जास्त संख्येने येतात. आठवडाभर जागा न सोडणारा एकच दाणा तो रोग नव्हे.

प्रश्न : मग खरा व्हाइट स्पॉट झाला तर औषधाशिवाय फक्त हीटरने बरा होतो का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : बऱ्याचदा होतो, लवकर लक्षात आला तर. व्हाइट स्पॉटच्या परजीवीचेही असेच तीन टप्पे असतात, पण ३० अंशांवर त्याला नीट विभागता येत नाही. तापमान एका दिवसात २-३ अंशांपेक्षा जास्त न वाढवता ३० वर आणा, लिटरला २ ग्रॅम मीठ वर सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने घाला आणि शेवटचा दाणा गेल्यावरही किमान १० दिवस तसेच ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर स्टोन हवाच. चार-पाच दिवसांनीही दाणे वाढत असतील तर मॅलॅकाइट ग्रीन असलेले औषध लेबलानुसार वापरा. हातमोजे घाला, आणि ते मग, चमचे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. खाण्याच्या माशांसाठी या रसायनावर बंदी आहे, ती उगाच नाही. फॉर्मलिनच्या बाटलीत तळाशी पांढरा साका दिसला तर ती बाटली वापरू नका, तो साका माशांना फार विषारी असतो.

प्रश्न : फायटरच्या गुदद्वारातून दोन-तीन लाल धागे लोंबताना दिसतात. मासा स्थिर असला की बाहेर येतात, हलला की आत जातात. खातो चांगला, पण वाळत चालला आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हे कॅमॅलॅनस जातीचे आतड्यातले जंत आहेत. लाल रंग माशाच्या रक्ताचा. चिमट्याने ओढून काढू नका. जंताचे तोंड आतड्याच्या अस्तराला घट्ट धरून असते, ओढले तर आतडे फाटते.

मीठ, तापमान, अ‍ॅक्रिफ्लेविन यांतले काहीच इथे चालत नाही. लागते लेव्हामिसोल, जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते ते. मात्रा लिटरला २ मिलिग्रॅम, २४ तास. म्हणजे १० लिटरला २० मिलिग्रॅम शुद्ध औषध. पाकिटातली पूड शुद्ध नसते, म्हणून टक्केवारी वाचा. ३० टक्के असेल तर १ ग्रॅम पूड १०० मिलि पाण्यात विरघळवली की दर मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम होते, आणि तुम्हाला ६.७ मिलि लागेल. हे औषध उजेडाने निकामी होते, तेव्हा टाकी झाकून दिवे बंद ठेवा. लेव्हामिसोलने जंत लुळे पडून बाहेर पडतात. ते आणि त्यांची पिल्ले तळाशी असतात, मासा ती पुन्हा गिळू शकतो. म्हणून २४ तासांनी तळ बारकाईने नळीने ओढून निम्मे किंवा जास्त पाणी बदला. तीन आठवड्यांनी हाच उपचार पुन्हा करा. ही दुसरी फेरी बहुतेकजण टाळतात आणि दोन महिन्यांनी पुन्हा पत्र लिहितात. टाकीतल्या सगळ्या माशांना उपचार द्या, धागे दिसोत वा न दिसोत.

लेव्हामिसोल मिळाले नाही तर फेनबेंडाझोल खाण्यातून देता येते. १० ग्रॅम खाण्याला २५ मिलिग्रॅम शुद्ध औषध, जिलेटिनच्या पाण्याने दाण्यांवर चढवून सुकवायचे. तीन दिवस तेच खाणे द्यायचे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस. मासा खात असेल तरच याचा उपयोग. दोन्ही औषधांचा हिशोब पशुवैद्यकाला एकदा दाखवून घ्या.

प्रश्न : हळद, कडुनिंबाचा पाला किंवा बदामाचे पान घालून परजीवी जातात का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : हळद पाण्यात नीट विरघळत नाही, कल्ल्यांवर बसते आणि आधीच धापणाऱ्या माशाला आणखी त्रास देते. कडुनिंबाचा अर्क माशांना विषारी ठरू शकतो आणि पाल्यातून किती उतरला हे घरी मोजता येत नाही. दोन्ही नकोत.

बदामाचे पान वेगळे. रस्त्याकडेच्या देशी बदामाचे, झाडावरून आपोआप गळलेले तपकिरी वाळके पान धुऊन १० लिटरला अर्धे घातले तर पाणी चहाच्या रंगाचे होते, थोडे आम्ल होते आणि फायटरला मानवते. बरे झालेल्या माशासाठी ते जरूर वापरा. व्हेल्व्हेटवर मात्र तो इलाज नव्हे, आणि तांब्याचा उपचार सुरू असताना पान टाकीत नकोच, त्यातली द्रव्ये तांबे बांधून टाकतात. फवारणी झालेल्या बागेतले पान कधीच घेऊ नका.

प्रश्न : नवीन फायटर आणताना काय काळजी घ्यावी? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : दुकानात फायटर छोट्या बरण्यांत ठेवतात. बरण्या वेगळ्या असल्या तरी जाळी, नळी आणि पाणी बदलायचा मग एकच असतो, आणि रोग त्यातून फिरतो. पर पसरलेला, बरणीजवळ बोट नेल्यावर कल्ले फुगवणारा मासा निवडा. पर मिटून कोपऱ्यात बसलेला स्वस्तात मिळाला तरी आणू नका. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका.

नवा मासा तीन आठवडे वेगळ्या टबात, २७-२८ अंशांवर ठेवा आणि दर दोन दिवसांनी अंधारात तिरकी टॉर्च मारून बघा. या काळात प्रतिबंध म्हणून औषध घालू नका. अर्धवट मात्रेने रोग दबतो आणि टाकीत गेल्यावर वर येतो. गटारातून गोळा केलेले ट्युबिफेक्स (माशांना खायला घालतात ते बारीक लाल गांडुळासारखे किडे) देऊ नका. ओल्या जाळीवर परजीवीची पिल्ले एका टाकीतून दुसरीत जातात, म्हणून प्रत्येक टाकीची जाळी वेगळी ठेवा, आणि तेवढ्या जाळ्या नसतील तर वापरलेली जाळी उन्हात कडकडीत वाळेपर्यंत दुसऱ्या पाण्यात बुडवू नका.